पोहणं, सायकल, पळणं – आणि वरून पाऊस



या सदराच्या टपालात बहुधा ठरावीक प्रश्न असतात. पावसाळ्यात कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, कपाटातल्या साड्यांचा कुबट वास कसा घालवावा, मुलं अभ्यासाला कशी बसावीत. या वेळी त्यांत एक निराळं पत्र निघालं. लिहिणारी भगिनी ३७ वर्षांची, दोन मुलांची आई, तालुक्याच्या गावी राहणारी. दोन वर्षांपूर्वी धाकटीला पोहायला शिकवायचं म्हणून ती तलावावर जाऊ लागली, आणि काठावर बसून कंटाळण्यापेक्षा आपणही उतरावं म्हणून उतरली. आता तिनं चक्क ट्रायथलॉनमध्ये नाव दिलं आहे. आणि स्पर्धा आहे ऐन पावसाळ्यात!

सराव कसा करावा हे तिनं विचारलेलं नाही. सराव ती करतेच आहे. तिचा प्रश्न असा, की त्या दिवशी धो-धो पाऊस लागला तर काय करायचं? घरच्यांनी मोठ्या मिनतवारीनं होकार दिला आहे. न उतरता परत यावं, तर ‘एवढा गाजावाजा केलास आणि पावसाला घाबरलीस’ हे वर्षभर ऐकायचं. उतरावं आणि पडावं-बिडावं, तर ‘तरी सांगत होतो’ हे जन्मभर. म्हणजे दोन्हीकडून बोलणी ठरलेली.

मला हा प्रश्न फार खरा वाटला. एखादा पुरुष पावसात सायकल घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला, तर लोक म्हणतात, बरं केलंस, हवा वाईट होती. आपल्याला मात्र जाण्याची परवानगीच मुश्किलीनं मिळालेली असते, त्यामुळे परत फिरणं महाग पडतं. आणि परत फिरणं महाग पडलं, की बाई नको तिथे स्वतःला पुढे रेटते. पहिल्या ट्रायथलॉनच्या दिवशी पावसाइतकाच हाही धोका आहे. म्हणून आज तयारीच्या चार गोष्टी तर सांगणार आहेच, पण मुख्य सांगायचं आहे ते हे, की परत फिरायची मुभा आपली आपण, घरी बसून, कोरड्या कपड्यांत, आधीच घेऊन ठेवावी.

आधी हे प्रकरण काय, ते पाहू

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ एक तीन गोष्टी. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं. मध्ये विश्रांती नाही. बूट चढवायला, हेल्मेट घालायला लागणारा वेळही घड्याळात धरतात.

नाव ऐकून छाती दडपते, कारण वर्तमानपत्रांत येतं ते ‘आयर्नमॅन’चं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं! २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झाली ती याच्या निम्मी होती, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये असतं ते अंतर १.५, ४० आणि १० किलोमीटरचं. आणि नवशिक्यांना सोयीची असते ती ‘स्प्रिंट’. त्यात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. आपल्या भगिनीनं नाव दिलं आहे ते या स्प्रिंटलाच. आठवड्यातून तीन दिवस पोहणारी, सायकल येणारी, भरभर चालणारी धडधाकट बाई तीन-चार महिन्यांच्या नेमानं हे दोन-अडीच तासांत पार पाडू शकते.

नियमही समजूतदार आहेत. डोकं पाण्यात घालून क्रॉलच मारला पाहिजे असं नाही, ब्रेस्टस्ट्रोकही चालतो. दम लागला तर जीवरक्षकाच्या होडीला धरून थांबता येतं, फक्त होडीनं आपल्याला पुढे नेता कामा नये. टेकायला हरकत नाही, फुकट प्रवास नको, इतकंच! एक नियम मात्र कडक आहे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही.

खेळ तसा नवा आहे. अमेरिकेत सॅन डिएगो इथे मिशन बेच्या काठी १९७४ च्या सप्टेंबरात ट्रायथलॉन या नावानं शर्यत झाली, तिथून हा खेळ वाढला. ऑलिंपिकमध्ये तो आला २००० साली, सिडनीला. आणि गंमत म्हणजे, ऑलिंपिकमधली या खेळाची अगदी पहिली शर्यत झाली ती बायकांची. पुरुषांची दुसऱ्या दिवशी.

पन्नासांतले पंधरा

आता वाईट हवेची गोष्ट. हवाईमधल्या ओआहू बेटावर १९७८ च्या फेब्रुवारीत पहिली आयर्नमॅन झाली. ती सुरू करण्यामागे एक जोडपं होतं, जॉन आणि ज्युडी कॉलिन्स. सॅन डिएगोच्या १९७४ च्या त्या शर्यतीत दोघंही उतरली होती. पहिल्या आयर्नमॅनला १५ जण उतरले, आणि ते सगळे पुरुष होते.

दुसऱ्या वर्षी, १९७९ च्या जानेवारीत, सुमारे ५० जण जमले. पण हवा अशी बिघडली, की स्पर्धा एक दिवस पुढे ढकलावी लागली. रविवारी, १४ जानेवारीला, प्रत्यक्षात सुरुवात केली ती १५ जणांनीच. त्यांत एकच बाई होती. बॉस्टनची लिन लेमेअर. सायकलच्या शर्यतींत नाव कमावलेली, पण आयर्नमॅन तिची पहिलीच. कुठल्याही बाईची पहिलीच. १२ तास ५५ मिनिटं ३८ सेकंदांत तिनं ती पुरी केली आणि पाचवी आली. बायकांत पाचवी नव्हे हं, दुसरी बाई तिथे नव्हतीच. सगळ्यांत पाचवी!

या गोष्टीतली लिन लक्षात राहते आणि राहावीच. पण मला त्यातल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. स्पर्धा भरवणारेच एक दिवस थांबले, ही पहिली. आणि जमलेल्या ५० पैकी ३५ जण उतरलेच नाहीत, ही दुसरी. त्या ३५ जणांना कुणी भेकड म्हणून इतिहासात लिहून ठेवलेलं नाही. हवा पाहून ठरवणं हा या खेळाचाच एक भाग आहे.

अगदी अलीकडचंच पाहा ना. टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ ला बायकांच्या शर्यतीच्या सकाळी पाऊस आणि वारा होता. जगातल्या निवडक खेळाडू तिथे जमलेल्या, तरी शर्यत १५ मिनिटं उशिरा सुरू केली. जिंकली ती बर्म्युडाची फ्लोरा डफी, वय ३३, आणि तिच्या चिमुकल्या बेटाचं ते ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं सुवर्णपदक ठरलं. पुढे २०२४ साली पॅरिसला पावसामुळे सीन नदीचं पाणी बिघडलं. तपासणीत ते पोहण्याजोगं नाही असं दिसल्यावर पुरुषांची शर्यत ३० जुलैवरून ३१ वर नेली. त्याच ३१ तारखेच्या सकाळी बायकांची शर्यत ओल्या रस्त्यांवर झाली. कितीतरी जणींच्या सायकली घसरल्या. फ्रान्सची कासांद्र बोग्रां जिंकली.

ऑलिंपिकवाले जर पावसासाठी थांबतात, तर आपल्या भगिनीनं थांबण्यात कसली आली नामुष्की?

मी उतरले तेव्हा

हे सगळं पुस्तकी नाही. मी स्वतः ३४ व्या वर्षी माझी पहिली स्प्रिंट भर ऑगस्टमध्ये केली. पहाटे साडेपाचला आम्ही काठावर पोचलो तेव्हा पलीकडचा काठ दिसत नव्हता. आयोजकांनी पाणी पाहिलं, आभाळ पाहिलं, गडगडाट नाही याची खात्री केली आणि अर्ध्या तासानं शिट्टी वाजवली.

पहिल्या शंभर मीटरांतच माझी छाती आवळून आली. पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसेना, तोंड वर काढावं तर पावसाचा मारा. नवशिक्यांना हे पुष्कळ वेळा होतं. आपण पोहायला विसरत नाही, श्वास सोडायचा विसरतो. घरून ठरवूनच आले होते, त्याप्रमाणे उताणी झाले, तरंगत राहिले आणि वीस आकडे मोजत नुसता श्वास सोडत राहिले. मग होडीला धरलं. होडीतला मुलगा विचारतो कसा, ‘काकू, परत नेऊ का?’ मी म्हटलं, ‘दोन मिनिटं थांब बाळ, मग सांगते.’ दोन मिनिटांनी छाती मोकळी झाली आणि मी पुढे निघाले. झाली नसती तर होडीत बसून परत आले असते. तेही घरून ठरलेलं होतं.

सायकलच्या वाटेवर एका उतारावर लाल माती वाहून आली होती. तिथे मी खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालत गेले. दोघी-तिघी मला मागे टाकून गेल्या. पळताना बुटांत पाणी पचक-पचक वाजत होतं. २ तास ३१ मिनिटांनी पोचले, शेवटून चौथी. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘तुझ्यामागे कितीजण होते?’ म्हटलं, ‘तिघं.’ ‘मग झालं तर,’ म्हणाल्या, आणि कढत पाण्याची बादली काढून दिली.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यांत जास्त आठवतं ते दुसरंच. माझ्याहून कितीतरी चांगली पोहणारी एक बाई त्या सकाळी उतरलीच नाही. तिच्या अंगात आदल्या रात्रीपासून कणकण होती. तिनं शांतपणे तसं सांगितलं, छत्री उघडली आणि आमच्यासाठी टाळ्या वाजवत सबंध वेळ काठावर उभी राहिली. पुढच्या वर्षी तीच बाई माझ्या वीस मिनिटं आधी पोचली.

घरची तयारी

पहिली गोष्ट डॉक्टरांची. रक्तदाब, दमा, छातीची धडधड यांची तपासणी तर करावीच, पण रक्तातलं हिमोग्लोबिनही पाहून घ्यावं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ‘हल्ली दम फार लागतो’ म्हणून सराव वाढवत बसण्यापेक्षा आधी रक्त तपासलेलं बरं. कमी असेल तर स्पर्धा पुढल्या वर्षी. लोह भरून यायला महिने लागतात.

पावसातला सराव एकदा तरी करून पाहावा. पोहण्याचा नव्हे, सायकलचा आणि पळण्याचा. ओल्या चपट्या बुटांनी पळताना टाच कुठे घासते, ओल्या हातांनी ब्रेक कसा लागतो, हे घराजवळच्या रस्त्यावर कळलेलं चांगलं. सायकलवरून उतरून लगेच पळायलाही एखाद-दोनदा शिकावं. पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. दहा मिनिटांत मोकळे होतात, पण ते ठाऊक नसलं की घाबरायला होतं.

पावसाळ्यात नदीत किंवा धरणाच्या पाण्यात एकटीनं सराव करू नये. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की खाली ऊन असताना पाणी चढतं, धरणाचे दरवाजे उघडले की ओढ वाढते. बांधीव तलाव आणि बरोबर माणूस, हे दोन्ही असेल तरच उतरावं.

सामानाची बांधाबांध आपल्याला काय शिकवायची! दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवाव्यात. एका पिशवीत मोजे, एकीत टॉवेलचा तुकडा, एकीत पळायची टोपी. सायकली ठेवायच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे सगळं उघड्यावरच असतं. बूट मोठ्या पिशवीत उलटे घालून, तोंड बांधून ठेवावेत. मोज्यांत थोडी टाल्कम पावडर घातली की ओल्या पायांवर ते चटकन चढतात. काखेत, मांड्यांच्या आत आणि मानेवर व्हॅसलीन चोळून घ्यावं. ओलं कापड दोन तास घासलं तर कातडी सोलवटते आणि मग दोन दिवस धड चालता येत नाही. डोळ्यांना काळा गॉगल नको. ढगाळ सकाळी पाण्यात त्यातून काही दिसत नाही. स्वच्छ काचेचा घ्यावा.

कपड्यांचा प्रश्न पुष्कळजणींना संकोचाचा वाटतो. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोहण्याचा पोशाख सगळीकडे मिळतो आणि तो घालून तिन्ही गोष्टी करता येतात. पाण्यातून बाहेर आल्यावर वर अंगाबरोबरचा टी-शर्ट चढवायला हरकत नाही. पाण्यात मात्र सैल कपडा, ओढणी, गळ्यातलं लांब मंगळसूत्र नको. अडकतं.

पाळीची तारीख नेमकी तेव्हाच आली तर? बरं वाटत असेल तर पाळी हे घरी बसण्याचं कारण नाही. पोहताना पॅड उपयोगाचा नाही. टॅम्पॉन किंवा कप लागतो, आणि त्याची सवय दोन-तीन महिने आधीपासून करावी. पोट-कंबर फार दुखत असेल तर तेही सरळ सांगून थांबावं.

खाण्याचं म्हणाल तर सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी रोजच्या सवयीचंच खावं. पोहे, उपमा, मऊ भात, जे पचतं ते. त्या दिवशी नवा पदार्थ नको. सायकलवर असताना केळं किंवा दोन खजूर पुरतात. पावसात तहान लागत नाही, पण घाम येतच असतो. म्हणून मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबताची बाटली सायकलला लावावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत.

पाण्यात

शिट्टी झाली की सगळे एकदम झेपावतात. आपण कडेला उभं राहावं आणि दहा आकडे मोजून निघावं. लाथा-बुक्क्या वाचतात. सहा-आठ हातांनंतर एकदा डोकं वर काढून खुणेचा फुगा कुठे आहे ते पाहावं. गढूळ पाण्यात माणूस आपोआप तिरका जातो. पावसाळ्यात फांद्या, जलपर्णी वाहून येते. अंगाला काही लागलं तर घाबरून पाय झाडू नयेत.

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर विचार करायचा नाही, पाण्याबाहेर यायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा उतरायचं नाही. बाहेर आल्यावर झाडाखाली उभं राहायचं नाही. शहाणे आयोजक अशा वेळी पोहणं रद्द करून पळणं–सायकल–पळणं असा बदल करतात. त्यात कमीपणा मानू नये.

अंगावर उघडी जखम असेल तर पावसाळी पाण्यात उतरू नये. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा जखमेतून शिरतात. पुढच्या महिन्याभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असं काही झालं, तर ‘मी पावसाळ्यात तळ्यात पोहले होते’ हे डॉक्टरांना आठवणीनं सांगावं. वेळेवर कळलं तर औषध आहे.

रस्त्यावर

पावसात जास्त घात होतो तो सायकलवर. कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस सगळ्यांत निसरडा, कारण रस्त्यावरचं तेल वर येतं. रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, गतिरोधकावरचा रंग, ओली पानं यांच्यावरून जाताना हँडल सरळ ठेवावं आणि ब्रेक दाबू नये. साचलेलं पाणी दिसलं तर त्याखाली खड्डा आहे असंच समजावं. चाकांत नेहमीपेक्षा किंचित कमी हवा ठेवली की पकड सुधारते.

रिमवर लागणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात. म्हणून वळण यायच्या बऱ्याच आधी ते हलके दाबून रिम पुसून घ्यावी. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणावर नाही. आणि भीती वाटली तर खाली उतरून चालायचं. सायकल हाती धरून चालायला नियमात मनाई नाही. चालत गेलं तर दोन मिनिटं जातात, आणि मनगट मोडलं तर दोन महिने पोळ्या लाटता येत नाहीत. हिशेब सोपा आहे.

पळताना आणि नंतर

पळणं सुरू झालं की धोका बराच सरलेला असतो. पावलं छोटी टाकावीत, चिखलात लांब ढांग नको. मध्ये चालावंसं वाटलं तर चालावं.

खरी थंडी वाजते ती थांबल्यावर. आपल्याकडच्या पावसातही वारा असला तर ओल्या अंगातली ऊब भराभर जाते. पोचल्याबरोबर फोटो काढत उभं राहण्याआधी ओले कपडे बदलावेत. डोक्याला कोरडा पंचा, अंगात स्वेटर, थर्मासमधला आल्याचा चहा. ही पिशवी घरच्या माणसाच्या हातात असावी, मोटारीच्या डिकीत नव्हे.

परतीच्या पाच खुणा

आता पत्रातल्या मूळ प्रश्नाकडे. आदल्या आठवड्यात एका रात्री जेवणं झाली, की घरातल्या सगळ्यांना बसवावं आणि एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात:

१. सकाळी अंगात ताप, कणकण किंवा जुलाब असतील तर उतरणार नाही.
२. गडगडाट असेल, किंवा पाण्याला ओढ दिसत असेल, तर आयोजकांनी शिट्टी दिली तरी उतरणार नाही.
३. पाण्यात दोनदा उताणं होऊन, होडीला धरूनही श्वास जागेवर आला नाही, तर होडीतून परत येईन.
४. सायकल एकदा घसरली तर उठून तपासेन. डोकं आपटलं असेल तर कितीही बरं वाटलं तरी तिथेच थांबेन.
५. हुडहुडी थांबेना, बोटांनी हेल्मेटचा पट्टा सुटेना, बोलताना जीभ जड झाली, तर तिथेच संपवेन आणि मदत मागेन.

हा कागद मोठ्यानं वाचून दाखवावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी टाचून ठेवावा. मग त्या सकाळी आपण परत आलो, तर घाबरून परत आलो असं होत नाही, ठरल्याप्रमाणे परत आलो असं होतं. या दोहोंत फार अंतर आहे. बोलणारे तरीही बोलतील म्हणा, पण त्यांनीही तो कागद ऐकलेला असेल!

आणि याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. या पाचांपैकी एकही खूण नसेल, तर मात्र नुसता पाऊस पडतो आहे म्हणून घरी बसायचं नाही. भिजणं म्हणजे संकट नव्हे. आपण पावसात भाजी आणतो, मुलांना शाळेत पोचवतो, दोरीवरचे कपडे पळत जाऊन काढतो. पावसाची आपल्याला ओळख नाही असं थोडंच आहे? यजमान म्हणाले, ‘एवढ्या पावसात कशाला?’, तर वाद घालू नये. कागदाकडे बोट दाखवावं आणि म्हणावं, ‘पाचांतली एकही खूण नाही. तुम्ही थर्मास घेऊन शेवटच्या रेषेपाशी थांबा.’ माणसाला काम नेमून दिलं की त्याची काळजी निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा बाई, आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहा, पिशव्या भरा, दहाच्या आत झोपा. उतरलात तर सावकाश पोहा. परत आलात तर सरळ मानेनं परत या. पोहणं आता तुमचं झालं आहे, ते काही कुणी काढून घेत नाही. कसं झालं ते दोन ओळींत जरूर कळवा. तुमच्या पत्राची मी वाट पाहीन.